येते म्हणायचं राहिलं

बस माझ्यासमोर गुडघे टेकून बसली आणि मी किंचाळले.

खरंच किंचाळले. दवाखान्यातली ड्यूटी संपवून, गणवेशावर स्वेटर चढवून मी थांब्यावर उभी होते. दिवेलागणीची वेळ होती. एक लांबलचक निळी बस आली. अशी बस मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. फुस्सऽऽ करून तिनं श्वास सोडला आणि तिची माझ्याकडची बाजू हळूहळू खाली झुकायला लागली. मला वाटलं, उलटतेय अंगावर! मी पर्स तिथंच टाकून मागे पळाले.

"अहो, घाबरू नका!" दार उघडलं होतं आणि आत चालक हसत होता. "ती सगळ्यांनाच वाकते. घरचे संस्कार चांगले आहेत."

"कुठलं घर?"

"परदेशातलं. तिकडे जुनी झाली म्हणून काढली, इकडे नवी म्हणून आली. या, चढा… पायरी तुमच्यापर्यंत आलीय, आता तुम्हीही दोन पावलं पुढे या की."

अख्खी बस हसली. मी पर्स झटकली, नाक वर केलं आणि चढले. चढताना त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

बस निघाली तशी छतातून एक बाई बोलायला लागली. थंड, स्वच्छ, परकी भाषा. लोक तिला 'मावशी' म्हणत. तिला गप्प करायचं बटण कुणालाच सापडलं नव्हतं. तिकडच्या शहरातले थांबे ती इकडच्या रस्त्यावर इमानेइतबारे पुकारायची. भाजीबाजार आला की म्हणायची, 'संग्रहालय'. कचऱ्याच्या ढिगापाशी म्हणायची, 'तळ्याकाठची बाग'.

मी फिस्सकन हसले. आरशात दोन डोळे माझ्यावर रोखले गेले.

"तुम्हाला कळतं मावशीचं?"

"थोडंफार. त्याच भाषेच्या शिकवणीला निघालेय."

"मग सांगा ना, काय म्हणतेय?"

"म्हणतेय, चालकानं रस्त्याकडे लक्ष द्यावं, आरशाकडे नाही."

"छे! मावशी असं बोलायची नाही," तो म्हणाला. "ती माझ्या बाजूची आहे."

अशी आमची ओळख झाली. दवाखान्यात मला सगळे सिस्टर म्हणतात. त्याला मी तेच सांगितलं तर म्हणाला, "काहीही सांगा, पण तुम्हाला सिस्टर म्हणणं मला जमायचं नाही." आणि कान लाल करून रस्त्याकडे बघत बसला. त्या दिवसापासून मी त्याची 'दुभाषीबाई' झाले.

आता पाण्याच्या टाकीबद्दल सांगते.

गाव संपतं तिथं एक जुनी टाकी आहे. खाली झुडपं, बाजूला काही नाही. घर नाही, थांबा नाही. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की बस तिथं रोज उभी राहते. चढायला कुणी नसतं, उतरायलाही कुणी नसतं. मावशी एकच शब्द बोलते, 'वृद्धनिवास'. बस वाकते, नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकूनच राहते. दार उघडतं आणि दिवस कितीही उकाड्याचा असो, पायांवरून एक गार झुळूक आत येते. गप्पा मारणारी बस तेवढ्यापुरती गप्प होते. काठी घेतलेल्या माणसाचं चित्र असलेली पुढची दोन आसनं आहेत, त्यांतल्या खिडकीलगतच्या आसनाची गादी आपोआप दबते. मी डोळ्यांनी पाहिली. कुणीतरी सावकाश बसावं, तशी.

आणि चालक मान वळवून रिकाम्या दाराला म्हणतो, "या आजोबा. सावकाश. घाई नाही."

माझ्या अंगावर काटा आला.

"कोण आजोबा?" मी विचारलं.

"मला काय माहीत?"

"ब्रेक तुम्हीच लावता ना इथं?"

"मी नाही. ती लावते." त्यानं स्टिअरिंगवर हात फिरवला. "सुरुवातीला माझीही पाचावर धारण बसली होती. मग म्हटलं, चढायला इतका वेळ लागतोय म्हणजे म्हातारं माणूस असणार. म्हाताऱ्या माणसाला काय घाबरायचं? या-बसा म्हणावं, झालं."

प्रेम कधी झालं असं मैत्रिणी विचारतात. तेव्हा झालं. भीतीनं माझे दात वाजत होते आणि त्याच वेळी मला कळलं की या माणसावर माझा जीव जडलाय. दोन्ही एकदम झालं, म्हणून त्यातलं काय कुठं संपतं हे मला अजूनही सांगता येत नाही.

पण मी तर निघाले होते. शिकवणी त्यासाठीच तर होती. तिकडे म्हातारी माणसं फार, त्यांना सांभाळणारी माणसं थोडी. एकदा त्यानं विचारलंच, "इथं दवाखान्यात काय वाईट आहे?"

"माझी आई बसमधून उतरत होती," मी म्हटलं. "एक पाय खाली, एक पायरीवर. चालक थांबला नाही. तिचा गुडघा गेला. तेव्हापासून ती बसमध्ये चढलेली नाही, उंबऱ्याबाहेर फारशी गेलेलीही नाही. मला अशा देशात जायचंय जिथं बस वाकते."

त्यानं नजर रस्त्यावरच ठेवली. उतरताना नेहमीची थट्टाही नाही. मला वाटलं, रागावला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. पों-पों! दोनदा. बसचा मूळचा हॉर्न अगदी मवाळ, सर्दी झाल्यासारखा. इथं तो कुणाला ऐकूच यायचा नाही, म्हणून त्यानं ट्रकचा बसवून घेतला होता. निळी बस मार्ग सोडून आमच्या गल्लीशी उभी होती आणि आतले प्रवासी कौतुकानं बघत होते.

"आईंना आणा," तो ओरडला. "ती वाकायला तयार आहे!"

आईनं आधी त्याला, मग मला, मग बसला शिव्या घातल्या. मग काठी टेकत आली. बस वाकली. आई पायरीकडे बघतच राहिली.

"अगं बाई… ही तर लेकीपेक्षा जास्त वाकते!"

आत चढल्यावर ती थेट पुढच्या आसनाशी गेली. टाकी त्या आधीच मागे पडली होती.

"तिथं आजोबा असतात हो," कुणीतरी म्हणालं.

"मग सरका म्हणावं थोडं," म्हणत आई शेजारी टेकली. बराच वेळ बाहेरचं जग बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, "बाजूनं गारवा येतो जरा. पण माणूस सज्जन वाटला." कोणता माणूस, हे मी विचारलं नाही. तिच्या मनात बहुतेक दोघेही होते.

शिकवणीत सर सांगायचे की तो देश विकसित आणि आपला विकसनशील. मी हे चालकाला सांगितलं तर तो विचारात पडला.

"म्हणजे त्यांचं होऊन गेलं, आणि आपलं अजून होतंय?"

"तसंच काहीसं."

"मग आपलं प्रकरणही…" आरशात डोळे आले, "…विकसनशीलच म्हणायचं का?"

"रस्त्याकडे बघा," मी म्हटलं. मावशी नेमकी तेव्हाच बोलली. "बघा, तीही तेच सांगतेय."

माझी नोकरी पक्की झाल्याचा निरोप आला, त्या संध्याकाळी हे घडलं. टाकी मागे पडली आणि तो सहज म्हणाला, "याचा अर्थ काय हो?" आणि त्यानं त्या परक्या भाषेत एक अख्खं वाक्य म्हटलं.

मी त्याला एक शब्द शिकवला नव्हता. मावशीही हे वाक्य बोलत नाही. आणि उच्चार असे जुने, घशातून येणारे, की आमच्या सरांनाही जमू नयेत.

"कुठं ऐकलंत?"

"आजोबा म्हणतात ना रोज, चढताना." त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. "तुम्हाला ऐकू येत नाही?"

वाक्याचा अर्थ होता, 'आजही तूच आहेस. बरं वाटलं.'

"म्हणतात, आज हवा छान आहे," मी म्हटलं.

खोटं का बोलले? कारण नेमकं तेच वाक्य रोज त्या दारातून चढताना माझ्या ओठांवर यायचं. तो अर्थ सांगितला असता तर माझा आवाज फुटला असता, आणि माझ्या पर्समध्ये तिकडचं बोलावणं होतं. योगायोग म्हणा की आणखी काही, कामाचं ठिकाण होतं मावशीच्या त्याच थांब्याचं, वृद्धनिवास.

हे मात्र त्याला सांगितलं. तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "म्हणजे आजोबा चढतात तिथंच की. मग बरंय, तुमच्यासाठी निरोप त्यांच्याजवळच देत जाईन."

निघायचा दिवस आला. आपल्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. सरांनी मात्र आमची ही सवय मोडून काढली होती. तिकडे जाताना 'येते' म्हटलंत तर माणसं दार उघडं ठेवून वाट बघत बसतील, म्हणायचे. घरी माझ्या तोंडून 'जाते' निघालं तसा आईनं हातावर फटका मारला. "येते म्हण!" मग मी तसं म्हटलं.

बसच्या पायरीवर तोही वाट बघत होता, त्याच एका शब्दाची. मला दिसत होतं. पण कधी परतेन हे मलाच ठाऊक नव्हतं. नुसत्या शब्दावर एखाद्याला ताटकळत ठेवायचं? माझं मन होईना.

"जाते," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. दार लागलं. बस वाकलेली होती ती उठली आणि गेली. मी रडले. लपवण्यासारखं काय त्यात?

तिकडे सगळं होतं. नळाला पाणी, रस्त्याला रेघा, बस वेळेवर. वाकायचीसुद्धा. चालक काचेआड असायचा आणि त्याच्याशी कुणी बोलत नसे. हॉर्न तर मी कधी ऐकलाच नाही. पहिल्या दिवशी बसमध्ये बाई बोलली ती मावशीच! तोच आवाज, तेच थांबे. पण इथं तळ्याकाठच्या बागेपाशी खरंच तळं होतं आणि खरंच बाग होती, आणि मला कचऱ्याच्या ढिगाची इतकी आठवण आली की काय सांगू!

फोन होते की. बोलायचोही आम्ही. तो डिझेलचं सांगायचा, आईच्या गुडघ्याचं सांगायचा, मी हवेचं. फोन ठेवला की दोघंही मनातलं मनातच घेऊन झोपायचो.

वृद्धनिवासात माझ्याकडे एक आजोबा होते. खोली वरच्या मजल्यावर, खिडकीखाली बसथांबा. एकेकाळी रोज बसनं गावात जायचे, आता पाय चालत नव्हते. कुणाशी बोलत नसत. दुपारचं जेवण झालं की खिडकीशी खुर्चीत त्यांचा डोळा लागायचा. आमच्याकडे तेव्हा दिवेलागण होत असते.

त्यांच्या सपाता पुसताना मला पहिल्यांदा ते दिसलं. तळव्यांना तांबडी धूळ होती. त्या इमारतीत धुळीचा कण शोधून सापडला नसता. बाहेर तर सगळीकडे हिरवळ. मी बोट फिरवलं, नाकाशी नेलं. आमच्या टाकीच्या रस्त्याचा वास आला.

मी धूळ पुसली. कुणाला सांगणार? दुसऱ्या दिवशी पुन्हा होती.

मग एका दुपारी ते जागे झाले आणि माझ्याकडे बघून प्रथमच बोलले.

"मुली, तुझ्या भाषेत याला काय म्हणतात?" आणि अडखळत, एकेक अक्षर चाचपत म्हणाले, "या… आजोबा… साव-काश… घाई नाही."

मी मटकन पलंगाच्या कडेवर बसले. काटा आला होता आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं.

"तुम्ही कुठं ऐकलंत?"

"माझ्या जुन्या बसमध्ये. इथून ती काढून टाकली, पण झोपलो की येते. आता तिच्यात फार गर्दी असते. सगळे एकदम बोलतात." ते थोडं हसले. "इथल्या चालकानं इतक्या वर्षांत माझ्याकडे मान वळवली नाही. हा रोज वळवतो. शेजारी एक काठीवाल्या बाई बसतात. मला सरकायला लावतात."

मी त्यांना अर्थ सांगितला. या वेळी खराखुरा.

"आज आणखी काहीतरी म्हणाला," आजोबा म्हणाले. "माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. तिला सांगा… येते म्हणायचं राहिलं."

मग त्यांना समजावलं की आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात.

"आमच्याकडे 'जाते' म्हणतात," आजोबा खिडकीकडे बघत म्हणाले. "माझी मुलगीही म्हणाली होती. आणि इथली माणसं शब्दाला पक्की." मग माझ्याकडे वळले. "तुझा काय निरोप आहे?"

कधी परतेन हे मला अजूनही ठाऊक नव्हतं. पण परतेन, हे त्या क्षणी पक्कं झालं. मी त्यांचा सुरकुतलेला हात धरला आणि तो एकच शब्द शिकवला. लहान मुलासारखा त्यांनी तो घोकला. येते. येते. पुरुषानं 'येतो' म्हणायचं असतं हे मी सांगितलं नाही, कारण निरोप माझा होता.

दुसऱ्या दुपारी मी खुर्चीपाशीच बसून राहिले. त्यांचा श्वास संथ झाला. खिडकी बंद असूनही पायांवरून उबदार वारा गेला, त्यात डिझेलचा वास होता. बऱ्याच वेळानं आजोबांनी डोळे उघडले आणि त्या टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा इमारतीत, गाल फुगवून ते मोठ्यानं ओरडले.

"पों-पों!"

कॉरिडॉरमधून माणसं धावत आली.

"वाजवतच सुटला," आजोबा हसून हसून लाल झाले होते. "काठीवाल्या बाईंनी त्याच्या पाठीत काठी घातली. हळूच. मग डोळे पुसले."

संध्याकाळी आईचा फोन. हॅलोसुद्धा नाही. "येतेयस म्हणे? कुणी सांगितलं ते विचारू नकोस. आणि जावई मला चालेल."

नोकरीचा करार संपला त्या दिवशी मी आजोबांच्या खुर्चीपाशी वाकले. "येते," मी म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "येते." मी पुन्हा दुरुस्त केलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी निळी बस वाकून उभी होती. मी पायरीवर पाय ठेवला आणि त्याच्याकडून ते परकं वाक्य ऐकलं, त्याच जुन्या उच्चारांत.

"हवा छान आहे ना?" मी विचारलं.

"हवापाण्याचं नाही ते. तुझ्या सरांना विचारून आलोय." पहिल्यांदाच 'तुझ्या' म्हणाला. कान लाल झाले होते. "मग? प्रकरण विकसित झालं म्हणायचं?"

"नको रे," मी म्हटलं. "आपलं होत राहू दे."

आई पुढच्या आसनावर होती, शेजारची जागा राखून. दिवे लागत होते. टाकी आली. मावशीनं आपला शब्द उच्चारला, बस वाकली, दार उघडलं. अख्खी बस गप्प झाली.

"या आजोबा," त्यानं मान वळवली. "सावकाश. घाई नाही."

इतके दिवस जे फक्त त्यालाच ऐकू यायचं, ते त्या संध्याकाळी मीही ऐकलं. गार झुळूक माझ्या खांद्याला घासून गेली, आणि रिकाम्या पायरीवरून, अगदी माझ्या कानाशी, एक म्हातारा आवाज दमत-दमत म्हणाला, "येते."